फर्मवेअर अपडेट झालं म्हणून अ‍ॅम्प रीसेट करू नका

गिटारच्या डिजिटल मॉडेलरचं, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज गणिताने घडवणाऱ्या यंत्राचं, नवं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं की त्यामागोमाग एक सल्ला फिरायला लागतो: "अपडेट झाल्यावर आधी फॅक्टरी रीसेट मारा, मग प्रत्येक प्रीसेटमधला अ‍ॅम्प रीसेट करा. नाहीतर नवं मॉडेलिंग लागूच होत नाही. रीसेट केलंत की फरक लगेच कळेल." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण या सल्ल्यापायी लोकांनी वर्षभर खपून जमवलेले आवाज एका संध्याकाळी घालवलेले मी पाहिले आहेत. फार वाईट वाटतं ते बघून. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासतो.

"रीसेट केल्याशिवाय नवं मॉडेलिंग लागू होत नाही."

प्रीसेटमध्ये, म्हणजे आपण सेव्ह केलेल्या सेटिंगच्या संचात, आवाज साठवलेला नसतो. तिथे असतात ते आकडे: अ‍ॅम्प कोणता, गेन 6.2, बेस 3.5, मास्टर 5. या आकड्यांवरून आवाज घडवायचं गणित फर्मवेअरमध्ये असतं. गणित बदललं की तोच प्रीसेट, तेच आकडे घेऊन, नव्या गणितातून वाजतो. फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्स थ्री या मॉडेलरवर 2021 मध्ये सिग्नस नावाचं नवं मॉडेलिंग आलं तेव्हा जुने प्रीसेट कुणी हात न लावताही वेगळे वाजायला लागले.

काही वेळा कंपनी मुद्दाम उलटं करते. लाइन सिक्सच्या हीलिक्स या मॉडेलरला 2022 मध्ये 3.50 ही आवृत्ती आली आणि कॅबचं (स्पीकरच्या पेटीचं) इंजिन नव्याने लिहिलं गेलं. पण जुन्या प्रीसेटमधले कॅब बदलले नाहीत, ते लेगसी या नावाखाली तसेच राहिले, म्हणजे कुणाचा जमलेला आवाज बिघडू नये. नवा कॅब हवा असेल तर तो आपण स्वतः कॅबच्या ब्लॉकमध्ये (प्रीसेटमधल्या त्याच्या घटकात) निवडायचा. इथे अ‍ॅम्प दहा वेळा रीसेट केला तरी कॅब जुनाच वाजणार. म्हणजे एका ठिकाणी रीसेटची गरज नाही आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा उपयोग नाही.

"पण रीसेट केल्यावर आवाज खरंच बदलतो."

बदलतो. या सल्ल्यात खरेपणाचा अंश आहे तो इथेच, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. गेन, बेस, मिड, ट्रेबल, प्रेझेन्स, मास्टर हे समोरचे नॉब. त्यांच्या मागच्या पानांवर खऱ्या सर्किटच्या वागण्याचे आणखी बरेच बारकावे असतात: पॉवर सप्लायचा सॅग, ट्यूबचा बायस, निगेटिव्ह फीडबॅक, स्पीकरच्या इम्पीडन्सचा (विजेला होणाऱ्या विरोधाचा) वक्र. अ‍ॅम्प निवडला की या सगळ्यांना त्या मॉडेलचे डीफॉल्ट आकडे मिळतात आणि प्रीसेट सेव्ह करताना तेही सोबत सेव्ह होऊ शकतात. पुढे कंपनीने एखाद्या अ‍ॅम्पची मोजणी पुन्हा केली आणि त्याचा डीफॉल्ट निगेटिव्ह फीडबॅक बदलला, तर जुन्या प्रीसेटमध्ये आधीचा आकडा राहून जातो. गणित नवं, आकडा जुना. अशा वेळी त्या एका अ‍ॅम्पचे मागचे आकडे ताजे करून घेणं रास्त आहे. पण हे लागू पडतं ते ज्या मॉडेलचे डीफॉल्ट बदललेत त्यालाच, आणि ते रिलीज नोट्समध्ये (अपडेटसोबतच्या टिपांमध्ये) बहुधा नाव घेऊन लिहिलेलं असतं.

आणि सरसकट रीसेट केल्यावर काय जातं ते बघा. खरा स्पीकर कॅबमध्ये साधारण 100 हर्ट्झच्या आसपास एका जागी घुमतो. तिथे त्याचा इम्पीडन्स चढतो आणि ट्यूब अ‍ॅम्प त्याच जागी जास्त जोर लावतो. सहावी तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ स्वर 82 हर्ट्झ. म्हणजे पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून वाजवलेल्या स्वराचा) तो "धप्" किती गच्च वाजेल आणि किती फुगेल, ते या घुमण्याच्या जागेच्या एका आकड्यावर फार अवलंबून असतं. कुणी आपल्या आयआरशी (कॅबच्या आवाजाच्या डिजिटल नोंदीशी) हा आकडा कान लावून, एकेक हर्ट्झ सरकवत जुळवला असेल, तर रीसेटचं एक बटण ती मेहनत पुसून टाकतं. समोरचे नॉब तसेच राहिले तर काय गेलं हे कळतही नाही. नुसतं जाणवत राहतं की पूर्वीसारखं लागत नाही.

यात आणखी एक मेख आहे. एकाच अ‍ॅम्प ब्लॉकमध्ये ए ते डी असे चार चॅनल, म्हणजे सेटिंगचे चार स्वतंत्र संच, असतील आणि रीसेट फक्त ए चॅनलला लागला, तर अंतऱ्याला एक अ‍ॅम्प आणि सोलोला भलताच अ‍ॅम्प असं होऊन बसतं. हे घरी एकट्याने वाजवताना लक्षात येत नाही. बँडबरोबर उभं राहिल्यावर येतं.

"म्हणून थेट फॅक्टरी रीसेटच करा."

हे तर तर्कालाही धरून नाही. फॅक्टरी रीसेटने तुमचे प्रीसेट जातात, ग्लोबल सेटिंग जातात, एक्स्प्रेशन पेडलचं कॅलिब्रेशनही जाऊ शकतं. मग तुम्ही बॅकअपमधून प्रीसेट परत आणता. त्या बॅकअपमध्ये काय असतं? तेच जुने आकडे! अ‍ॅम्पपुरतं बोलायचं तर तुम्ही निघालात तिथेच परत आलात. कंपनीने रिलीज नोट्समध्ये फॅक्टरी रीसेट करायला सांगितलं असेल तर ते जरूर करा, कारण तिथे यंत्राची साठवण नव्याने मांडायची असते. पण आधी बॅकअप घ्या, आणि आवाज सुधारेल या आशेने करू नका.

"फरक लगेच कळतो."

कशामुळे कळतो हे विचारायला हवं. रीसेटनंतर मास्टर किंवा ब्लॉकची लेव्हल बदलू शकते, आणि थोडा मोठा आवाज आपल्या कानाला नेहमीच जास्त भरदार वाटतो. आवाज लहान असला की खालचे आणि अगदी वरचे स्वर आपल्याला तुलनेने कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं. त्यामुळे लेव्हल न जुळवता केलेली तुलना ही बहुतेक वेळा लेव्हलचीच तुलना असते.

मी करतो ती पद्धत सांगतो. संगणकावर पूर्ण बॅकअप घेतो, यूएसबी केबल हबमधून न घालता थेट जोडतो, अपडेट करतो. मग लूपर (वाजवलेलं भरून पुन्हा वाजवणारा ब्लॉक) अ‍ॅम्पच्या आधी ठेवतो आणि एक साधा तुकडा भरतो: दोन पाम म्यूट, एक मोकळा कॉर्ड, वरच्या तारेवर एक बेंड. प्रीसेटची नक्कल करून फक्त नकलेतला अ‍ॅम्प रीसेट करतो. मीटर बघून दोघांची लेव्हल सारखी करतो आणि तोच तुकडा दोन्हींतून फिरवत ऐकतो, शक्यतो स्क्रीनकडे न पाहता. नक्कल आवडली तर ती वेगळ्या नावाने सेव्ह होते. मूळ प्रीसेट जागचा हलत नाही.