पूर्ण सिग्नल, तरी तुटणारा आवाज: मेशवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा आहे: घरभर वायफाय मिळावं म्हणून केबल ओढून तिच्या टोकांना वायफाय देणारे अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा माझा सल्ला हौशी लोकांपुरता ठीक, पण साध्या माणसानं मेशचा, म्हणजे एकमेकांशी बिनतारी बोलून घरभर वायफाय पसरवणाऱ्या खोक्यांचा, संच आणावा, अ‍ॅप उघडावं आणि पंधरा मिनिटांत मोकळं व्हावं. भिंती फोडायला लावून मी लोकांना खर्चात पाडतोय, असंही तुम्ही म्हणता. तुमच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मेशच्या दोन खोक्यांवर कोपऱ्यातल्या खोलीतही पूर्ण सिग्नल येतो. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की संध्याकाळच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो, म्हणून तिसरं खोकं घ्यायचा विचार आहे.

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

फोनवर दिसतो तो सिग्नल फोन आणि त्याच्या जवळचं खोकं यांच्यातला. खोकं बेडरूममध्ये चार फुटांवर असेल तर तो पूर्ण दिसणारच. पण ते खोकं हॉलमधल्या राउटरशी कसं बोलतंय, हे त्या चिन्हात कुठेच कळत नाही. दोन बँडच्या, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन लहरपट्ट्यांच्या संचात ५ गिगाहर्ट्‌झचा एकच रेडिओ फोनशीही बोलतो आणि राउटरशीही, तेही एकाच चॅनलवर. दोन्ही कामं त्याला एका वेळी करता येत नाहीत. म्हणजे प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) हवेतून दोनदा जातं आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. तिसरं खोकं दुसऱ्याच्या पुढे साखळीनं जोडलं, तर तेच पॅकेट तीनदा हवेत. संध्याकाळी शेजारपाजारचे राउटरही त्याच चॅनलवर जागे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा रांगेत थांबावं लागतं. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. मीटिंगमधल्या आवाजाला ती सवलत नसते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. संध्याकाळी लॅपटॉपवरून राउटरच्या पत्त्याला, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला, पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. आधी राउटरजवळ बसून, मग बेडरूममधून. दोन्ही वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बेडरूममध्येच एखादी मोठी फाइल उतरवायला सांगा. राउटरजवळ आकडे स्थिर आणि बेडरूममध्ये एकदा ५ मिलिसेकंद, एकदा दीडशे असे उड्या मारत असतील, तर दोष इंटरनेट कंपनीचा नाही. हा पिंग घराबाहेर जातच नाही.

आता भिंतींचं. तुमची इमारत नवी, मायवान पद्धतीची (साच्यात काँक्रीट ओतून भिंती उभारलेली) आहे, सगळ्या भिंती काँक्रीटच्या, त्या फोडता येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. अगदी बरोबर, आणि त्या फोडूही नका. त्या इमारतीचा भार घेणाऱ्या असतात, विटेच्या भिंतीला पाडतात तशी झिरी तिथे पाडायची नसते. पण याच भिंती ५ गिगाहर्ट्‌झला विटेपेक्षा जास्त अडवतात. ज्या घरात केबल टाकणं सर्वांत अवघड, त्याच घरात दोन खोक्यांमधला हवेतला दुवाही सर्वांत कमजोर असतो. म्हणूनच अशा घरात आधी एक गोष्ट शोधायला सांगतो: भिंतीत आधीच असलेला पाइप.

काँक्रीट ओतण्याआधीच पाइप टाकून ठेवलेले असतात. टीव्ही आणि टेलिफोनचे पॉइंट हॉलसोबत बेडरूममध्येही काढलेले असतात, आणि आज त्यांतले बरेच रिकामे तरी असतात किंवा आत एखादी मेलेली वायर असते. ती मेलेली वायर फार कामाची. तिच्या टोकाला कॅट ६ (नेटवर्कची) केबल घट्ट बांधायची, एकानं इकडून ढकलायची, दुसऱ्यानं तिकडून ओढायची. वायर नसेल तर इलेक्ट्रिशियनकडे स्प्रिंग असते. बेडरूमचा पाइप थेट हॉलमध्ये न येता दाराजवळच्या डीबीपाशी (विजेच्या मुख्य पेटीपाशी) किंवा बाहेरच्या डक्टमध्ये निघत असेल, तर दोन तुकडे तिथे जोडता येतात. एकच पथ्य: २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपमध्ये ही केबल घालायची नाही, कितीही जागा असली तरी.

केबल घेताना शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. तार ब्लेडनं खरवडली की आत पांढरी दिसते. वाकवताना ती लवकर तुटते आणि केबलमधूनच वीज द्यायची असेल तर तापतेही. केबल टाकल्यावर वेग ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकला, तर बहुधा क्रिम्पिंग (टोकाला प्लग बसवणं) चुकलंय: १०० एमबीपीएसला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

भाड्याच्या घराबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ११ महिन्यांचा करार असताना कुणी मालकाच्या भिंतीत काही करू नये. तिथे चपटी केबल स्कर्टिंगच्या कडेनं किंवा केसिंग पट्टीतून नेता येते, आणि तेही नको असेल तर मेश घ्यावं. राउटरशी बोलायला वेगळा तिसरा रेडिओ असलेला संच मिळाला तर उत्तम. ज्या घरात खोल्या मोकळ्या आहेत आणि वापर मुख्यतः सिनेमे बघण्याचा आहे, तिथेही मेश चांगलं चालतं.

दोन अ‍ॅक्सेस पॉइंट लावले की चालताना कॉल तुटतो, हा तुमचा समज मात्र दुरुस्त करायला हवा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे सारखा ठेवायचा, चॅनल वेगळे ठेवायचे. एकावरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची हे फोन ठरवतो, मेशमध्येसुद्धा. त्याला मदत करणारी ८०२.११ के, व्ही आणि आर ही मानकं बऱ्याच अ‍ॅक्सेस पॉइंटमध्येही असतात.

विजेचाही विचार करा. जिथे वीज वारंवार जाते, तिथे मेशच्या प्रत्येक खोक्याला वेगळा बॅकअप लागतो. पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) असेल तर राउटर आणि स्विच एकाच यूपीएसवर ठेवले की केबलच्या टोकाचे सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट चालू राहतात. घरून काम करणाऱ्यांसाठी मला हा फायदा वेगाइतकाच मोलाचा वाटतो.

तर तुमचं तिसरं खोकं. ते आणण्याआधी बेडरूममधल्या टीव्ही पॉइंटचं झाकण उघडून बघा. पाइप मोकळा निघाला तर नवं काहीच घ्यावं लागणार नाही, अ‍ॅक्सेस पॉइंटसुद्धा नाही. बहुतेक मेश खोक्यांना मागे लॅन पोर्ट असतो. तुमची दोन खोकी केबलनं जोडली की त्यांच्यातलं बोलणं तारेवरून होतं आणि बेडरूममधला रेडिओ फोन-लॅपटॉपसाठी मोकळा होतो. पोर्ट गिगाबिटचा आहे का तेवढं बघून घ्या, काही स्वस्त संचांत तो १०० एमबीपीएसचाच असतो. मीटिंगला तोही भरपूर झाला. पाइप बंद निघाला, तर दुसरं खोकं बेडरूममधून उचलून मधल्या पॅसेजमध्ये ठेवा, जिथे राउटरकडे एकच भिंत आड येते. बेडरूममध्ये सिग्नल थोडा कमी दिसेल, पण संध्याकाळी पुन्हा पिंग करा आणि आकडे इथेच लिहा.