कॅमेऱ्याला बंदी? मग दोन कोटी ‘स्मेना’ घेतले कोणी?

काकांनी परवा घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. काका निवृत्त शिक्षक. त्यांनी टाकलं म्हणजे निम्मं घराणं ते खरं धरणार, म्हणून हा खटाटोप. फॉरवर्डचं म्हणणं असं: सोव्हिएत संघात सामान्य माणसाला कॅमेरा बाळगायला बंदी होती; म्हणून रोजच्या जगण्याचे जे जुने फोटो फिरतात ते सगळे सरकारने घडवून आणलेले; त्यांत वाटेल तशी खाडाखोड; आणि फोटोत कुणी हसत नाही, कारण हसायचीही चोरी. पुराव्याला एक रंगीत फोटो.

बंदीचं आधी, कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यातून १९७० पासून ‘स्मेना-८एम’ नावाचा प्लास्टिकचा कॅमेरा निघायचा. किंमत १५ रुबल. दोन कोटींहून जास्त निघाले. ते काय केजीबीने आपसात वाटून घेतले? लेन्सभोवतीच्या कड्यावर शटरच्या वेगासाठी ऊन, ढग, पाऊस अशी चित्रं होती. आभाळाकडे बघायचं, कडं फिरवायचं, बटण दाबायचं. ही सोय सरकारी छायाचित्रकारासाठी नव्हती, हौशी माणसासाठी आणि पोराटोरांसाठी होती. त्याच्याही आधी, १९३४ पासून, खारकिव्हमध्ये जर्मन लायका कॅमेऱ्याची नक्कल ‘फेड’ बनत होती, आणि हे नाव गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून! फिल्म शोस्त्काची ‘स्वेमा’ नाहीतर कझानची ‘तास्मा’. रात्री बाथरूममध्ये लाल दिवा लावायचा, टबावर फळी टाकून त्यावर एन्लार्जर, म्हणजे फिल्मवरचं चित्र कागदावर मोठं करून पाडणारं यंत्र, ठेवायचा आणि प्रिंट घरीच काढायच्या. न्हाणीघर शेजाऱ्यांशी सामायिक असेल, तर ते झोपेपर्यंत थांबायचं.

‘सगळे सरकारी’ म्हणणाऱ्यांनी माशा इवाशिन्त्सोवाचं नाव शोधावं. लेनिनग्राडची ही बाई आयुष्यभर रस्ते, ट्राम, माणसं टिपत राहिली आणि फोटो कुणालाच दाखवले नाहीत. २००० मध्ये ती वारली. २०१७ मध्ये मुलीला माळ्यावर सुमारे तीस हजार फोटोंचा साठा सापडला. प्रचार करायचा तर तो माळ्यावर कोण करेल?

खाडाखोडीचं मात्र मान्य करावं लागतं. गुप्त पोलिसांचा एकेकाळचा प्रमुख येझोव्ह याला १९४० मध्ये गोळी घातल्यावर स्तालिनशेजारून त्याला फोटोतूनही पुसलं, हे जगजाहीर आहे. पूल, रेल्वे स्टेशनं, कारखाने टिपताना पोलीस हटकत, हेही खरं. खारकिव्हच्या बोरिस मिखाइलोव्हची तर इंजिनिअरची नोकरी गेली, कारण त्याने काढलेले बायकोचे नग्न फोटो केजीबीच्या हाती लागले. पण काय टिपता येईल यावर धाक असणं वेगळं आणि कॅमेराच घरात नसणं वेगळं. उलट मिखाइलोव्हकडे कॅमेरा होता म्हणून तर नोकरी गेली!

हसण्याचं सोडून देऊ. आपल्या आजोबांच्या लग्नाच्या फोटोत तरी कोण हसतंय?

राहिला तो पुराव्याचा फोटो: लाकडी घरापुढे बेरींच्या थाळ्या घेऊन उभ्या असलेल्या तीन शेतकरी मुली. खाली ‘स्तालिनचा रशिया’ असं ठोकून दिलंय. हा फोटो सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्कीचा. तीन रंगांच्या फिल्टरमधून तीन वेळा काच-प्लेटवर टिपायचं आणि मग ते एकत्र आणायचं, अशी त्याची रीत. संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे, तो त्यांनी १९४८ मध्ये विकत घेतला. फोटो त्यांच्या साइटवर फुकट बघता येतो. तिथे साल दिलंय १९०९. गादीवर झार निकोलस होता आणि सोव्हिएत राजवट यायला अजून आठ वर्षं होती.