फेरो, ओइसो, एनेन्का

पन्नाशीला टेकल्यावर ऑनलाइन प्राचीन ग्रीक शिकायचा किडा माझ्या डोक्यात का वळवळला, हे घरात कुणालाच कळलेलं नाही. मलाही नाही.

पहिले दोन महिने मी वर्गात हुशार होतो. 'फेरो' म्हणजे मी वाहून नेतो. फेरो, फेरेइस, फेरेइ. अहो, हे तर आपलं भरामि, भरसि, भरति! द्विवचन आहे, आत्मनेपदाचा भाऊ आहे, भूतकाळात आपण आधी 'अ' लावतो तिथे हे 'ए' लावतात: अभरम्, एफेरोन. दहावीला संस्कृतात ९४ होते, हे मी सरांना दोनदा सांगितलं.

मग सरांनी भविष्यकाळ विचारला. मी छातीठोकपणे म्हणालो, "फेर्सो."

"ओइसो," सर म्हणाले. मला वाटलं, त्यांचं नेट अडखळलं.

नेट ठणठणीत होतं. पुढे एनेन्का, एनेनोखा, एनेनेग्माइ, एनेख्थेन. मुख्य रूपं सहा, धातू तीन. एका रेशनकार्डावर तीन बिऱ्हाडं! कोशात 'एनेन्का' काढावं तर तिथे लिहिलेलं, 'फेरो पाहा'. सरकारी खिडकीच ती. हे फेरोचं रूप आहे हे ठाऊक असतं, तर इथे रांग कशाला लावली असती? आणि फेरोपाशी गेलो तर ओझं वाहणे, दुःख सोसणे, झाडाने फळ धरणे, कर भरणे, वाटेने कुठेतरी नेणे. नुसतं 'फेरे!' म्हटलं तर "चल, बघू!"

चिडून स्वयंपाकघरात गेलो. "आज फेरो, काल एनेन्का! ही काय भाषा झाली?"

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू आज ऑफिसला जातोस. काल काय, जालास?"

मी मुकाट्याने अर्धी जुडी पुढ्यात ओढली.

उद्या चाचणी आहे. सरांनी सरावाला 'सोपा' उतारा दिलाय, मत्तयच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना. सहाव्या अध्यायाच्या तेराव्या ओवीत 'एइसेनेन्केस' नावाच्या शब्दाने अर्धा तास खाल्ला. शेवटी सोलून पाहिलं: 'एइस' म्हणजे आत, आणि सालीखाली आमचाच एनेन्का. म्हणजे फेरोच! अख्ख्या ओळीचा अर्थ लागला: आम्हांला परीक्षेत आणू नकोस.

मी काही ख्रिस्ती नाही. तरी दिवा मालवण्याआधी अथर्वशीर्षासारखी तिची अकरा आवर्तनं केली.