फ्यूटेक्स बंद का होत नाही?

लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) स्वतः बिल्ड करण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, कर्नलचे पर्याय चालू-बंद करायला ते नोंदवलेली 'डॉट कॉन्फिग' फाइल हाताने बदला आणि 'मेक' ही बिल्डची कमांड चालवा. हे अर्धंच आहे. ज्या पर्यायाला मेनूत प्रॉम्प्टच (निवडायची ओळच) नाही, त्याची तुम्ही लिहिलेली व्हॅल्यू केकॉन्फिग, म्हणजे हे पर्याय सांभाळणारी कर्नलची यंत्रणा, मोजतच नाही, डिफॉल्ट परत बसवतो. फ्यूटेक्स (प्रोग्रॅमच्या लॉकिंगची सोय) किंवा प्रिंटके (कर्नलचे संदेश छापण्याची सोय) बंद करून बघा. आधी 'एक्सपर्ट' हा पर्याय सुरू नसेल तर दोन्ही गुपचूप 'वाय' (म्हणजे चालू) होऊन परत येतील. आणि 'एक्सपर्ट' स्वतःसोबत 'डीबग कर्नल' या पर्यायालाही ओढून आणतो, बरं का.

दुसरी भानगड 'सिलेक्ट'ची, म्हणजे एका पर्यायाने दुसरा जबरदस्तीने चालू करण्याची. एखाद्या ड्रायव्हरने पर्याय सिलेक्ट केला असेल तर तो ड्रायव्हर काढल्याशिवाय पर्याय बंद होत नाही. 'मेनूकॉन्फिग' या पर्यायांच्या मेनूत तिरकी रेघ दाबून नाव शोधा, 'सिलेक्टेड बाय'खाली दोषी सापडतो. सिलेक्ट समोरच्याच्या 'डिपेंड्स ऑन' अटी तपासत नाही, म्हणून 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज' अशी वॉर्निंग दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, पुढे लिंकिंगला बिल्ड अडकू शकतो.

कॉन्फिग आपोआप छाटणारा 'लोकलमॉडकॉन्फिग' त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स (कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे भाग) ठेवतो. आधी पेनड्राइव्ह, वायफाय डाँगल, प्रिंटर सगळं जोडून घ्या. जुनी फाइल जपून ठेवा आणि स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या 'डिफकॉन्फिग'ने नव्या फाइलशी ताडून बघा.

उबुंटूची कॉन्फिग उचलली असेल तर तिच्यातले 'सिस्टम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टम रिव्होकेशन कीज' हे सर्टिफिकेट फाइलची नावं असलेले पर्याय रिकामे करा, नाहीतर सर्टिफिकेटची फाइल नाही म्हणून बिल्ड थांबतो.

आणि नागपुरात मे महिन्यात लॅपटॉपवर बिल्डला प्रोसेसरचे सगळे कोर लावू नका. ४५ अंशात प्रोसेसर तापून वेग पाडतो, तिथे मेकला 'जे ४' (एका वेळी चार कामं) पुरे.