सात दिवसांत सत्तर किलो बीट

"हिमोग्लोबिन ७ वरून १२, फक्त ७ दिवसांत! गोळ्या फेका, निसर्गाकडे वळा." हा मेसेज माझ्याकडे चार वेळा आला आणि चारही वेळा मी तो पुसला. पाचव्यांदा तो गेला माझ्या धाकट्या नणंदेकडे. तिला सातवा महिना, एचबी (म्हणजे हिमोग्लोबिन) ८.२. पाठवला चुलत सासूबाईंनी, तोही मायेनंच. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "वहिनी, गोळ्या बंद केल्यात, रस घेतेय रोज. शौचाला काळं व्हायचं ना, तेही थांबलं बघा."

मी तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं रक्त काढते. लोकांच्या घरात हे होतं तेव्हा समजावून सांगते. स्वतःच्या घरात झालं तेव्हा डोकं फिरलं, म्हणून हे लिहिणं.

मेसेजमध्ये काय काय आहे? रोज एक बीट आणि अर्ध्या डाळिंबाचा रस प्या. गोळीतलं लोखंड आतड्यात साचतं, काळी शौच हा त्याचा पुरावा. १२ चा आकडा गोऱ्यांचा, आपल्या बायकांना ८-९ नॉर्मलच. लॅबवाले मुद्दाम कमी दाखवतात, त्यापेक्षा पापणी ओढून बघा. आणि शेवटी, लोखंडी कढई वापरा.

आधी बीट. कागद-पेन्सिल घ्या. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं. हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम. ७ वरून १२ करायचं म्हणजे दर लिटरमागे ५० ग्रॅम वाढवायचं, एकूण १६० ग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे अंगात जवळपास साडेपाचशे मिलिग्रॅम लोह नव्यानं जायला हवं. बीटमध्ये लोह किती? शंभर ग्रॅमला जेमतेम ०.८ मिलिग्रॅम, किलोला आठ. भागाकार करा. जवळजवळ सत्तर किलो बीट! सात दिवसांत, म्हणजे रोज दहा किलो. तेही खाल्लेला कण न् कण रक्तात गेला असं धरून. भाजीपाल्यातलं लोह शरीर इतकं उदारपणे घेत नाही. दहा टक्के घेतलं तरी पुष्कळ, म्हणजे मग सातशे किलो. बैलगाडी भरून बीट, एका गरोदर बाईला. डाळिंबात तर बीटच्या निम्मंही लोह नाही.

बरं, लोह कितीही ओतलं तरी लाल पेशी हाडांतल्या मज्जेत तयार व्हायला वेळ लागतोच. गोळ्या नीट चालू केल्यावर पहिल्या आठवड्याच्या शेवटी कोवळ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि एचबी एक ग्रॅमनं वर यायला दोन-तीन आठवडे जातात. सात दिवसांत पाच ग्रॅम वाढतं ते फक्त रक्ताच्या बाटल्या चढवल्यावर.

बीट लाल म्हणून रक्त लाल, एवढंच या सगळ्यामागचं शास्त्र. बीटच्या लाल रंगाचा लोहाशी काही संबंध नाही. तो रंग काहींच्या लघवीतून तसाच बाहेर पडतो आणि ती माणसं घाबरून आमच्याकडे येतात. लाल पिऊन रक्त वाढत असतं तर कोकम सरबतावर निम्म्या कोकणाचा अॅनिमिया गेला असता.

आता ती गोळी. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. एक गोळी म्हणजे साडेसात किलो बीट. तिला दिवसाला दोन सांगितल्या होत्या. शौच काळी होते कारण न शोषलेलं लोह बाहेर पडतं. म्हणजे मेसेज ज्याला साचल्याचा पुरावा म्हणतो, तो नेमका बाहेर गेल्याचा पुरावा आहे! मळमळ होते, पोट घट्ट होतं, हे खरं. वेळ बदलून, जेवणानंतर घेऊन, डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी घेऊन मार्ग निघतो. आणि लोह जास्त झालं तर घातक, हेही खरं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या ज्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात ते खरोखर साचतं, आणि लहान मुलानं चुकून पाकीटभर गोळ्या गिळल्या तर जिवावर बेततं. गोळ्या वरच्या फळीवर ठेवा. पण यातलं काहीही सातव्या महिन्यातल्या, ८.२ एचबीच्या बाईला लागू नाही.

सगळ्यात जास्त चीड आली ती "आपल्या बायकांना ८-९ नॉर्मलच" याची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये हे आकडे पुन्हा तपासून जाहीर केले. गरोदर नसलेल्या बाईला १२, पुरुषाला १३, गरोदरपणी पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११, मधल्या तिमाहीत १०.५. याच्या खाली म्हणजे अॅनिमिया. वंश पाहून आकडा बदलू नका, असंही त्यात सांगितलंय. गरोदरपणी रक्तातलं पाणी वाढतं, रक्त पातळ होतं, म्हणून आकडा थोडा उतरतो. ती सूट त्या ११ मध्ये आधीच धरलेली आहे. आणखी सूट देणारे आपण कोण?

नाइलाजानं एक मान्य करते. भारतीयांसाठी हे आकडे जरा खाली असावेत का, यावर खरोखर वाद आहे. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आपल्याकडच्याच संशोधकांनी १ ते १९ वर्षांच्या निरोगी मुलामुलींवरून तसं मांडलं होतं. पण वाद आहे तो रेघ एक-दोन ग्रॅम खाली घ्यायची का यावर. बाळंतपणात रक्त वाहायला लागलं की ८ वाल्या बाईकडे सोसायला काय शिल्लक असतं, ते प्रसूतिगृहातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका अॅनिमियात निघाल्या. अख्ख्या गल्लीत पाणी तुंबलं म्हणून तुंबणं नॉर्मल होत नाही.

"लॅबवाले कमी दाखवतात." आम्हाला त्यातून काय मिळतं कोण जाणे. पण दोन ठिकाणी दोन आकडे येतात, हे खरं. मी शिकले तेव्हा साहलीची पद्धत होती. बारीक नळीनं २० मायक्रोलिटर रक्त ओढायचं, आम्लात सोडायचं, दहा मिनिटांत ते तपकिरी होतं, मग थेंबथेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. खिडकीतला उजेड आणि बघणाऱ्याचे डोळे यांवर साडेआठचं साडेनऊ सहज व्हायचं. आता यंत्र आहे. तरी बोट पिळून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा हलतो. म्हणून शिरेतून रक्त द्या, शक्यतो एकाच लॅबमध्ये, आणि पाव-अर्ध्या ग्रॅमच्या फरकावर ना पेढे वाटा ना रडा.

पापणी ओढून रक्त खूपच कमी असेल तर कळतं, थोडं कमी असेल तर कळत नाही. डॉक्टरही बघतात, पण बघून तपासणी लिहून देतातच.

कढईचं बरोबर आहे. लोखंडी कढईत केलेल्या भाजीत, आंबट असेल तर जास्तच, लोह उतरतं. मेसेजमधली ही एकच ओळ शहाणी.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे रक्त कमी का आहे. रिपोर्टवर एचबीच्या खाली एमसीव्ही लिहिलेलं असतं, पेशीचा आकार. तो ८० च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी, नाहीतर थॅलेसेमियाचा वाहक. शंभरच्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक अॅसिडकडे बघावं लागतं. गडचिरोली, नंदुरबारकडच्या माणसाला सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजारही असू शकतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि बीट त्यातल्या एकाचाही नाही. (आमचे तात्या "माझं हिमोग्लोबिन साडेआठ" म्हणून आठवडाभर खजूर खात बसले होते. रिपोर्ट बघितला तर ते एचबीएवनसी होतं, साखरेचं. खजूर काढून घेतला.)

नणंदेला बोलावून शिरेतून रक्त घेतलं. पंधरा दिवसांच्या रसानंतर ८.१. यंत्राच्या हिशेबानं जिथल्या तिथं. एमसीव्ही ६९, आणि थॅलेसेमियाची तपासणी तिसऱ्या महिन्यातच नीट आली होती. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. ती आता लिंबूपाण्यासोबत घेते, चहा दोन तासांनी आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. महिन्यानं ९.४ आलं. बीट ती अजून खाते, दह्यातली कोशिंबीर करून. छान लागते.