घशाचे शेक संपल्यावर: ऐरोलीच्या ताईंना उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि दोन दिवस उत्तर लिहायला हात धजावला नाही. तुम्ही लिहिलंय की बाबांचे घशाच्या कॅन्सरचे ३५ शेक (रेडिएशन) संपून सहा आठवडे झाले, डॉक्टर म्हणाले, 'छान झालं, आता तीन महिन्यांचं झालं की स्कॅन करू,' घर जरा सावरत होतं, आणि नेमका माझा शेकानंतरच्या त्रासांवरचा लेख बाबांनी वाचला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. 'एवढं सगळं व्हायचं असेल तर उपचार घेतले कशाला,' म्हणाले. पुढे तुमचे तीन आक्षेप आहेत. पेशंटला घाबरवू नका. हे खरंच महत्त्वाचं असतं तर डॉक्टरांनीच सांगितलं असतं. आणि तुम्ही डॉक्टर नाही.

बाबा उपाशी राहिले ते माझ्या लिहिण्यामुळे. मनापासून माफी मागतो. लेख पुन्हा वाचला तेव्हा चूक कळली. दहा-बारा त्रास मी एका दमात लिहून मोकळा झालो. कुठला कधी येतो, कुठला निघून जातो, कुठला अनेकांना होतच नाही, याचा त्यात पत्ता नाही. सहा आठवड्यांपूर्वी शेक संपलेल्या माणसाने ते वाचलं तर हे सगळं उद्यापासून आपल्या मागे लागणार असं त्याला वाटणारच. तुमचा हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, त्याची भरपाई पुढे करतो. पण लिहायलाच नको होतं, हे मला पटत नाही.

माझे शेक २०१९ च्या पावसाळ्यात झाले. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे, एकूण ७० ग्रे (हे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक), जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. संपल्यानंतर तिसऱ्या महिन्यात एका सकाळी दाढी करताना हनुवटीखाली मऊ पिशवीसारखं काहीतरी हाताला लागलं. बायकोला सांगितलं नाही. पुढचे अकरा दिवस मी पहाटे डोळा उघडला की आधी तिथे हात लावायचो. सकाळी मोठं लागायचं, संध्याकाळी कमी. गाठ परत आली, असं मनाशी धरून चाललो. एका रात्री विम्याचे कागद आणि पासबुकं एका पिशवीत भरून कपाटात पुढेच ठेवली, म्हणजे बायकोला शोधावी लागू नयेत. बाराव्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं, नाकातून दुर्बीण घालून घसा तपासला आणि म्हणाले, 'ही लसिकेची सूज आहे. शेकाने मानेतल्या बारीक वाहिन्या आखडतात, पाणी साचतं. आडवं झोपलं की वाढते, दिवसभर उभं-बसलं की उतरते.' हलक्या हाताचं मालीश शिकवलं आणि घरी पाठवलं.

ताई, त्या अकरा दिवसांत मी कुठलाही लेख वाचलेला नव्हता. कुणीतरी एक वाक्य आधी सांगितलं असतं तर कपाटातली ती पिशवी भरलीच गेली नसती. (कडक, एकाच बाजूला असलेली, वाढत जाणारी गाठ लागली तर मात्र माझ्यासारखं थांबू नका, लगेच दाखवा. मऊ सूजसुद्धा एकदा डॉक्टरांच्या हाताखालून जायलाच हवी.)

आता 'डॉक्टरांनीच सांगितलं असतं' याबद्दल. ओपीडीत आपल्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. त्यातली बरीचशी दुर्बिणीने घसा पाहण्यात आणि मान चाचपण्यात जातात, आणि ते बरोबरच आहे. आजार उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणूनच पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी बोलावतात, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. उरलेल्या मिनिटात डॉक्टर विचारतात, 'काय, खाता येतं ना?' आणि आपण म्हणतो, 'हो, बरं आहे.'

मी दीड वर्ष 'बरं आहे' म्हणत होतो. खाता येत होतं म्हणजे काय, तर मेतकूट-भात, पातळ पिठलं, ताकात कुस्करून भिजवलेली पोळी, आणि एवढ्याला पाऊण तास. सगळे जेवून उठायचे, बायको समोर रिकामं ताट घेऊन बसून राहायची. हे मी डॉक्टरांना कधी सांगितलं नाही. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, अशी माझी तक्रार होती आणि ती मी नंतर त्यांच्या तोंडावर बोललोही. पण माझं 'बरं आहे' हे माझंच होतं.

२०२१ मध्ये पाच महिन्यांत मला तीनदा ताप आला. दिवस करोनाचे, त्यामुळे प्रत्येक वेळी आधी ती चाचणी, ती निगेटिव्ह, मग जवळच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचा कोर्स. तिसऱ्यांदा एक्स-रे काढला तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला. फाईल चाळणाऱ्या एका तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, 'काका, पाणी पिताना ठसका लागतो का?' मी म्हटलं, 'नाही, अजिबात नाही.' मला वाटलं, हे चांगलंच सांगितलं. ती म्हणाली, 'लागत नाही, याचीच मला काळजी वाटतेय.'

मग गिळण्याची तपासणी झाली. एक्स-रेच्या यंत्रासमोर खुर्चीत बसवतात. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारी पूड) कालवलेलं पाणी देतात, मग दह्याइतकं घट्ट काहीतरी, मग बिस्किटाचा तुकडा, आणि गिळताना आत काय होतं ते पडद्यावर हलतं दिसतं. पाण्याचा पहिला घोट मी घेतला. जिभेवरून काळी रेघ मागे सरकली, वळणावर आली, आणि तिच्यातली दोऱ्याएवढी एक धार अन्ननलिकेकडे न जाता पुढच्या बाजूने श्वासनलिकेत उतरली. सावकाश, भिंतीवरून ओघळ यावा तशी. मी पडद्याकडे बघत होतो आणि मला आत काहीही जाणवत नव्हतं. शेकामुळे घशाची संवेदना बोथट होते, मग चुकीच्या वाटेने पाणी गेलं तरी ठसका उठत नाही. माझे तिन्ही ताप तिथून आलेले होते.

त्याच खोलीत मला शिकवलं: हनुवटी छातीकडे न्या, चमचाभरच पाणी घ्या, गिळा, मुद्दाम खोका, पुन्हा गिळा. ही रीत माझ्या घशाची. दुसऱ्याला मान वळवून गिळायला सांगतील, तिसऱ्याला पातळ पदार्थ घट्ट करून देतील, म्हणून तपासणीशिवाय माझं बघून काही करू नका. त्यावर रोजचे गिळण्याचे व्यायाम. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर ते दुबळे होत जातात, आणि शेकानंतर ते हळूहळू निबरही होतात, काहींचे तर कित्येक वर्षांनी. म्हणून नाकात नळी असलेल्यालाही थेरपिस्टची परवानगी असेल तितकं तोंडाने गिळत राहायला सांगतात. मी व्यायाम एक दिवस चुकवत नाही. तसा ताप पुन्हा आलेला नाही.

तेव्हा बाबांना एवढंच सांगा की डॉक्टरांना 'बरं आहे' म्हणायचं नाही. जेवायला किती मिनिटं लागतात ते सांगायचं. वजन सांगायचं. पाणी प्यायल्यावर आवाज घरघरतो का, पाण्यातून आल्यासारखा येतो का, ते सांगायचं. मधे ताप येऊन गेला असेल तर तारखेसकट. ते बोलणार नाहीत असं वाटलं तर तुम्ही बोला. ऐरोलीहून परळचं टाटा काय किंवा खारघर काय, जाण्यायेण्यात आणि नंबर लागण्यात अख्खा दिवस जातो, कामावर रजा टाकावी लागते, हे मला माहीत आहे. म्हणून तर तो दिवस 'बरं आहे' या दोन शब्दांवर घालवून येऊ नका.

आता कधी काय, ते. सहा आठवड्यांनंतर बाबांना बहुधा अजून चिकट कफ, तोंडात चुणचुण, मानेची काळवंडलेली कातडी आणि न हटणारा थकवा असेल. यातला जळल्यासारखा भाग पुढच्या काही आठवड्यांत ओसरतो, थकवा उतरायला जास्त वेळ लागतो. चव परत यायला काही महिने जातात, कधी वर्ष. लाळ दीड-दोन वर्षांपर्यंत थोडी थोडी सुधारते. नव्या पद्धतीच्या शेकात कानाजवळच्या लाळग्रंथी शक्य तितक्या वाचवतात, पण पूर्वीइतकी लाळ सगळ्यांनाच परत मिळते असं नाही. मी आजही उशाशी पाण्याची बाटली ठेवतो. मान खाली घातली की पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाते, असं बाबा पुढच्या काही महिन्यांत म्हणाले तर घाबरू नका. ती बहुतेकदा आपोआप जाते, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. सिस्प्लॅटिन झालं असेल तर कानात सुंईऽ आवाज राहू शकतो, बारीक उंच आवाज ऐकू येईनासे होतात. त्यासाठी एकदा कानाची चाचणी करून घ्या.

जबड्याचं मात्र आत्ताच सुरू करायचं. आणि इथे तुमच्या तिसऱ्या आक्षेपाकडे येतो. मी डॉक्टर नाही, खरं आहे. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये २७ वर्षं मी जॉब, म्हणजे यंत्रावर तयार झालेले भाग, मोजले. तीच सवय कामाला आली. शेक संपले तेव्हा वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मी प्लास्टिकच्या वर्निअरने मोजलं होतं, ३८ मिलिमीटर. चार महिन्यांनी ते २९ भरलं. आठवड्याला अर्ध्या मिलिमीटरने कमी होणारी गोष्ट आरशात दिसत नाही. चमचा अडायला लागतो तेव्हा कळते, आणि तोवर स्नायू आखडून बसलेले असतात. ३५ च्या खाली गेलं की तोंड कमी उघडतंय असं मानतात. फिजिओथेरपिस्टने आइस्क्रीमच्या काड्या वापरायला शिकवलं. काड्यांची थप्पी दाढांच्या मध्ये सरकवायची, थांबायचं, काही दिवसांनी मधे आणखी एक काडी सारायची. एक काडी साधारण दोन मिलिमीटरची. मला ३४ पर्यंत यायला सात महिने लागले. घरात वर्निअर नसेल तर शाळेची पट्टी चालते. दर रविवारी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा.

थायरॉईडचं थोडक्यात. मान शेकली की ही ग्रंथी मंदावू शकते, बऱ्याच जणांची मंदावते, आणि तेही महिन्या-वर्षांनी. मला थंडी वाजायची, बद्धकोष्ठ असायचं, दुपारी खुर्चीतच झोप लागायची. तलावपाळीला एक चक्कर मारणं जड व्हायचं. नातेवाईक म्हणायचे, मन घट्ट कर. रक्ताच्या साध्या तपासणीत टीएसएच (थायरॉईड मंदावलं की वाढणारं संप्रेरक) वाढलेलं निघालं आणि रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. दर सहा ते बारा महिन्यांनी ही तपासणी मागून घ्या. कधी कधी ती मागावीच लागते. मनाची उदासीसुद्धा या आजारानंतर खरी असते, तिलाही डॉक्टर आहेत. पण आधी टीएसएच बघा.

तुम्ही विचारलंय की स्कॅनला तीन महिने का लावतात, कुणी चालढकल तर करत नाही ना. नाही. शेकानंतर आतली सूज आणि दाह पेट स्कॅनमध्ये आजारासारखेच उजळून दिसू शकतात. म्हणून साधारण १२ आठवडे जाऊ देतात. लवकर केला तर खोटी भीती पदरात पडेल.

बाबा तंबाखूबद्दल काही बोलले नाहीत, तुम्हीही लिहिलं नाही, म्हणून हे लिहिताना अवघड वाटतं. ज्या धुराने किंवा तंबाखूने एका जागी आजार केला, त्याने तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस हा सगळाच भाग खराब केलेला असतो. तिथे दुसरा, नवा कॅन्सर होण्याचा धोका पुढेही राहतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. माझी सिगारेट २५ वर्षांची होती. सोडायला एकट्याला जमत नसेल तर १८०० ११ २३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे.

आणि दात. लाळ कमी झाली की दात हिरडीच्या कडेला किडतात. त्यात नातेवाईक कोरड्या तोंडाला खडीसाखर चघळायला देतात. माझ्या आत्याने डबाभर दिली होती. ती कीड वाढवते, साखर नसलेलं च्युइंगम चालतं. खरी भीती पुढे आहे. शेकलेल्या जबड्याच्या हाडाला रक्त कमी पोचतं, विशेषतः खालच्या. तिथला दात काढला तर कधी कधी जखम भरत नाही, हाड उघडं पडून कुजू शकतं, आणि हा धोका पाच काय, दहा वर्षांनीही सरत नाही. २०२२ मध्ये माझी दाढ ठणकायला लागली. घराजवळच्या दवाखान्यात खुर्चीत बसलो, भुलीची सुई भरून तयार होती. तोंड नीट उघडेना म्हणून डॉक्टरांनी कारण विचारलं आणि मी सहज म्हणालो, 'घशाला शेक घेतलेत.' त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि म्हणाले, 'आधी तुमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलू द्या.' ती दाढ रूट कॅनाल करून वाचवली, आजही आहे.

म्हणून शेक सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याकडून सगळे दात तपासून घेतात, वाचणार नसतील ते तेव्हाच काढतात, आणि नंतर फ्लोराइड लावायला देतात. बाबांचं हे झालं होतं का, ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही. फाईलमध्ये दातांच्या तपासणीचा कागद आहे का बघा. नसेल तर या आठवड्यात दाखवून घ्या, खुर्चीत बसण्याआधी शेकांची तारीख आणि मात्रा सांगा, आणि काय निघालं ते मला कळवा.