लोणच्याचं झाकण आणि माझा चुकलेला गुणाकार

नमस्कार. काचेच्या बाटलीच्या झाकणातून अन्नात उतरणाऱ्या रसायनांवरच्या लेखाखाली तुम्ही 'एक लोणचेवाला' या नावाने खडसावलंत: "दिवसाला किलोभर लोणचं कोण खातं? प्रयोगशाळेत तेलात झाकण बुडवायचं, चाळीस अंशांत दहा दिवस ठेवायचं आणि लोकांना घाबरवायचं!" उत्तर लांबणार आहे, कारण अर्धी चूक माझी आहे.

आधी ती कबूल करतो. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या प्रांतिक सरकारी प्रयोगशाळेला दोन हजारच्या दशकात तेलकट पदार्थांच्या बाटल्यांत किलोमागे शेकड्यांनी मिलिग्रॅम ईएसबीओ (एपॉक्सिडाइज्ड सोयाबीन ऑइल) सापडलं होतं. हे सोयाबीन तेलापासून करतात आणि झाकणाच्या आतली पीव्हीसी प्लास्टिकची रिंग मऊ राहावी म्हणून घालतात. मी किलोला ३०० मिलिग्रॅम धरले आणि लिहून बसलो की रोज ३०० पोटात जातात. किलोभर लोणचं खाल्लं तरच! लोणचं पानात २० ग्रॅम पडतं, म्हणजे ६ मिलिग्रॅम. युरोपात या रसायनाचं रोजचं सोसवेल असं प्रमाण शरीराच्या किलोमागे १ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०. त्याचा दहावा हिस्सा. लेखातलं वाक्य बदलतो आहे.

पण तो 'एक किलो' मी शोधलेला नाही. ६० किलोचा माणूस रोज पॅक केलेलं १ किलो अन्न खातो, असं युरोपचा नियम धरून चालतो. त्यात लोणचं, बिस्किटं, दूध, सगळं आलं. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न-औषध प्रशासन, दिवसाचा आहार ३ किलो धरतं आणि त्यातला किती भाग त्या पॅकिंगला लागतो ते गुणून काढतं. दोन्ही ठोकताळेच. तरी मर्यादा किलोमागेच लिहावी लागते, कारण तपासनीसाला बाटली तपासता येते, तुमच्या गिऱ्हाइकाचा चमचा नाही. युरोपात ईएसबीओची ही मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकमधून एकूण उतरणाऱ्या सगळ्या पदार्थांनाही ६० हीच मर्यादा आहे. आकडा तोच, अर्थ वेगळा. लेखात मी दोन्हींची गल्लत केली, हे तुमच्याही नजरेतून सुटलं.

हा ठोकताळा लोणच्याच्या बाबतीत जास्त मोजतो, तसाच बाळाच्या बाबतीत कमी मोजतो. ६० किलोला १ किलो म्हणजे शरीराच्या किलोमागे १७ ग्रॅम अन्न. पावडरचं दूध पिणाऱ्या तान्ह्यासाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली शरीराच्या किलोमागे १५० ग्रॅमचा हिशेब सुचवला. नऊपट! आणि झाकणाचंच बोलायचं, तर ८ किलोच्या बाळाने बाटलीतलं २०० ग्रॅम तयार अन्न खाल्लं आणि त्यात ईएसबीओ ६०च्या मर्यादेत असलं, तरी पोटात १२ मिलिग्रॅम जातात. सोसवेल ते ८. म्हणूनच बाळांच्या अन्नासाठी ही मर्यादा ३० केली. तुमच्या लोणच्याला मी घाबरवत नव्हतो, मला ही बाटली दिसत होती. पण लेखात ती आलीच नाही, तेव्हा तुम्हाला तरी काय बोलणार?

आता चाळीस अंश. वर्षभर फडताळात राहणाऱ्या बाटलीची वाट कोण पाहणार, म्हणून थोडे दिवस जास्त उष्णता देतात. युरोपात एकूण उतरणाऱ्या पदार्थांसाठी ती कसोटी आहे. अकोल्यातल्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या गोदामात ती नुसती दुपार आहे. त्यात बाटली ट्रकमध्ये आडवी झाली की तवंग थेट रिंगला भिडतो. (चिनी मातीची बरणी आणि वर बांधलेला दादरा, यात हा प्रश्नच नव्हता, पण बरणी कुरिअरने जात नाही.)

तुम्ही विचारलंत, मग करायचं काय. झाकणवाल्याकडून चाचणीचा कागद मागून घ्या आणि दोन गोष्टी पाहा: रिंग पीव्हीसीची आहे का, आणि चाचणी कशात केली. पाण्यात किंवा ॲसिटिक आम्लात केली असेल, तर ती लिंबू सरबताला चालेल. तेलात मुरलेल्या कैरीबद्दल ती काहीच सांगत नाही. पीव्हीसी नसलेल्या रिंगची झाकणंही मिळतात. भाव विचारून ठेवा, आणि जमलं तर इथेच कळवा.